साणेची वादी

सुताराचा हात पाहिला की तो सध्या कामात आहे की रिकामा, हे सांगता येतं. पटाशीला धार आली की नाही हे बघायला सुतार ती डाव्या हाताच्या मनगटावरून अलगद फिरवतो. केस भादरले गेले तर धार आली, नाही तर पुन्हा दगडावर. त्यामुळे कामातल्या सुताराच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत केस म्हणून नसतो. पण हिवरा आश्रम गावच्या कडूबा सुताराचे यंदा नवरात्र बसायच्या आत दोन्ही हात गुळगुळीत झाले होते. डाव्यावरचे केस संपले म्हणून त्याने पटाशी डाव्या हातात धरून उजवा भादरला, आणि आता तोही संपला होता. एवढं काम गावात कुणाकडेच नव्हतं. धार असलेल्या हत्यारांनाच तो पुन्हा पुन्हा धार लावत बसायचा.

शेजारच्या मोतीराम वेल्डिंगवाल्याच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नसत.

"काय बे कडूबा," तो म्हणाला, "हात तं झाले. आता मिशीवर येतं का?"

कडूबा हसला नाही. त्याने पटाशी पुसली, फळीवर ठेवली आणि तिच्या शेजारची उचलली. मोतीरामने चहाचा कप खाली ठेवला आणि तो आपल्या दुकानात निघून गेला. थट्टा कुठवर ताणायची हे त्याला कळत होतं. कडूबाची बायको झुंबरबाई होळीच्या तोंडावर चाकणला लेकाकडे गेली होती. सुनेचं बाळंतपण होतं. सव्वा महिन्यासाठी म्हणून गेलेली बाई पोळा झाला, गणपती झाले, तरी परतली नव्हती. माणूस बायकोची आठवण येते असं मोकळेपणाने म्हणू शकत नसेल, तर त्याने करायचं काय? कडूबा धार लावायचा.

आता यात धार लावायच्या मशीनचा भाग काय, ते सांगायला हवं. त्यासाठी आधी साण सांगायला हवी, कारण हल्ली साण म्हणजे काय हेही सांगावं लागतं.

कडूबाच्या बापाची साण म्हणजे लाकडी घोडीवर बसवलेला परातीएवढा गोल दगड. दगडाच्या कण्याला चामड्याची लांब वादी वेढे घालून गुंडाळलेली. एकाने समोर पाटावर बसायचं, वादीची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि ताक घुसळावं तशी आळीपाळीने ओढायची. दगड एकदा सुलटा फिरतो, एकदा उलटा. समोरच्याने रंध्याचं पातं नाही तर पटाशी धरायची. दगड एका अंगाने फिरला की दाबायचं, दुसऱ्या अंगाने फिरला की सैल सोडायचं. वरून डब्याच्या भोकातून पाण्याची धार. एकट्याचं हे कामच नाही. झुंबर लग्न होऊन आली आणि अंगाची हळद पुरती उतरली नव्हती, तेव्हा सासूने तिच्या हातात वादीची टोकं दिली आणि सांगितलं, "पोरी, हे घरातलं दुसरं पान्याचं मडकं समज. रोज भराच लागते."

कडूबा मूळचा अबोल. जेवताना बोलणार नाही, रस्त्याने बायकोच्या चार पावलं पुढे चालणार, पाहुण्यांत बसला तर "हाव" आणि "नाई" एवढ्यावर वेळ मारून नेणार. पण सकाळी साणेवर बसला की त्याला वाचा फुटायची. हात कामात, डोळे पात्यावर, समोरच्याच्या तोंडाकडे बघायची गरज नाही, आणि दगडाची घरघर असल्यामुळे बाहेर कुणाला ऐकू जाण्याची भीती नाही. त्या दोघांनी आयुष्यात जे काही बोलून घेतलं ते तिथेच. लेकाचं नाव राजकुमार ठेवायचं तिथे ठरलं. "सुताराचं पोरगं अन् राजकुमार?" असं कडूबा म्हणाला आणि झुंबरने वादी ओढायची थांबवली. म्हणाली, "मंग राजकुमार म्हना, नाई तं ओढा तुमीच." आई गेली तेव्हा चार माणसांत कोरडा राहिलेला कडूबा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साणेवर रडला. झुंबरने फक्त दगड हळू फिरवला होता.

आणि बोलण्यापलीकडचं एक होतं. हत्यार दगडावर जोरात दाबलं की वादी जड होते. त्यामुळे समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय हे झुंबरला तिच्या तळव्यांत कळायचं. कुणी गिऱ्हाईक टाकून बोलून गेलं असलं, मनात काही सलत असलं की कडूबाचा हात आपोआप दाबायचा. "सोडा जरा," ती म्हणायची. तो हात सैल करायचा, आणि मग थोड्या वेळाने जे सलत होतं तेही बाहेर पडायचं. "सोडा जरा" या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालला होता म्हटलं तरी चालेल.

कळणं एकाच बाजूचं नव्हतं. मागच्या वर्षी उन्हाळ्यात कडूबाच्या ध्यानात आलं की दगड एका अंगाने पूर्वीसारखा फिरत नाही. उजवी ओढ आखूड पडते. झुंबर उजवा हात पुरता मागे नेत नव्हती. तिने तोंडाने चकार शब्द काढला नाही, पण वेणी घालायला ती शेजारच्या विमलबाईकडे जाऊ लागली तेव्हा त्याची खात्री पटली. खांदा धरला होता. त्याने तिला विचारलं नाही. ते त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने राजकुमारला फोन केला आणि म्हणाला, "ते मोटरवाली धार लावाची मशीन असते, पान्यातली, ते पाठव."

पोळ्याच्या सुमारास मशीन आलं. खोटं कशाला बोला, मशीन उत्तम होतं. पाण्याच्या पन्हाळीत अर्धा बुडालेला करडा दगड संथपणे फिरायचा, पातं तापू द्यायचा नाही. पातं धरायला चिमटा, कोन मोजायला पट्टी आणि दुसऱ्या अंगाला कातड्याचं चाक. त्यावर लेप लावून पातं फिरवलं की धार आरशासारखी चमकायची. साणेवर मनासारखी धार यायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्म्या वेळात, आणि दर वेळी तोच कोन. पार बीबी गावचे सुतार पाती घेऊन यायला लागले. मशीनला नावं ठेवायला जागाच नव्हती.

चुकलं ते दुसरीकडे. एक तर कडूबाने मशीन कशासाठी आणलं ते बायकोला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच: "आता वादी ओढाचं काम खतम. तू मोकळी."

"बरं झालं," झुंबर म्हणाली. तिने वादी कण्यावरून सोडवली, तिचा नीट वेढा केला आणि भिंतीच्या खिळ्याला टांगली. ते करताना तिचा चेहरा कसा होता हे कडूबाने पाहिलं नाही. तो मशीनचं पुस्तक उलटंसुलटं करत होता.

दुसरं म्हणजे, विजेचं बटण होतं मागच्या भिंतीला, म्हणून मशीन लागलं भिंतीजवळ. कडूबा भिंतीकडे तोंड करून उभ्याने धार लावू लागला. झुंबर सवयीने सकाळी यायची, चहा घेऊन दारात उभी राहायची, आणि तिला दिसायची नवऱ्याची पाठ. पाटावर बसायचं तर कशाला बसायचं? हातात धरायला काही नाही. काही दिवस ती चहा ठेवून घुटमळली. मग नुसता चहा ठेवून जाऊ लागली. पाठीला डोळे असते तर कडूबाला तेव्हाच कळलं असतं.

तरी त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिने रीत पाळली. बोथट हत्यार पूजेला ठेवू नये, म्हणून नवमीच्या आत सगळ्यांना धार लागते. नवमीला हत्यारं धुऊनपुसून मांडायची. कडूबाच्या घरात आणखी एक होतं. साण दोघांची, म्हणून दगडाची पूजा धार लावणाऱ्याने करायची आणि वादीला हळदकुंकू ओढणारीने लावायचं. झुंबरने स्टुलावर चढून खिळ्यावरच्या वादीच्या दोन्ही टोकांना हळदकुंकू लावलं. कडूबा म्हणाला, "आता कायले? तिचं काम तं राह्यलं नाई." झुंबर खाली उतरली.

एवढा शहाणा माणूस, कोन मोजून धार लावणारा, पण कधी काय बोलावं याचं माप त्याच्याकडे नव्हतं.

मग होळीच्या आधी ती चाकणला गेली, आणि सुरू झाले फोन. फोनवर हात रिकामे असतात. कडूबाला रिकाम्या हातांनी बोलता येत नव्हतं.

"जेवले का?"

"हाव. तू?"

"हो. पानी पडलं?"

"पडलं थोडं."

"बरं."

"ठेवू?"

कधी राजकुमार व्हिडिओ लावायचा. नातवाचं, ऋत्विकचं, बोळकं दिसायचं. कडूबा फोन असा धरायचा की तिकडे त्याचं कपाळ आणि दुकानाच्या छपराचे टिन दिसायचे. बाळाच्या मागे कुठेतरी झुंबरच्या साडीचा पदर हलायचा. फोन बंद झाल्यावर कडूबा त्या पदरावर दिवस काढायचा. कधी तिने नेसलेली निळी साडी ओळखीची वाटायची, कधी नवीनच असायची, आणि ती कुणी घेतली, कधी घेतली, हे आपल्याला माहीत नाही याचं त्याला फार वाईट वाटायचं. घरात तिच्या हातचं लोणचं संपलं तरी बरणी त्याने धुतली नव्हती. दुपारी दुकानात ऊन उतरलं की तो मान वळवून दाराकडे बघायचा आणि मग स्वतःवरच चिडून पुन्हा भिंतीकडे तोंड करायचा.

आषाढात एकदा तिने फोनवर विचारलं, "तुमचं कसं चाललं? काई अडते का?"

तिला घोर लागू नये म्हणून कडूबाने जीभ सैल सोडली. "मस्त चाललं. मशीन झ्याक चालते. तुह्यावाचून काईच अडत नाई. तू निवांत राह्य."

"बरं झालं," ती म्हणाली.

वादी खिळ्याला टांगताना म्हणाली होती तेच शब्द, तोच आवाज. कडूबाने "ऐक वं" म्हटलं. पण तोवर तिने फोन ठेवला होता.

नवरात्र बसलं त्या संध्याकाळी राजकुमारचा फोन आला. पुण्याकडे गेल्यापासून तो मले-तुले सोडून मला-तुला करत बोलायचा.

"बाबा, एक विचारायचं होतं. रुपालीला दिवाळीनंतर कामावर जायचंय. कंपनीला उद्या कळवायचंय तिला. आई इथेच राहिली तर बाळाची चिंता नाही. म्हणजे दोन-तीन वर्षं, तो शाळेत जाईपर्यंत. नाही तर रुपालीची आई यायला तयार आहे. आईला विचारलं तर ती म्हणते, तुझ्या बाबाला विचार."

"तिलेच इचार. तिच्या मनावर हाय."

"ती म्हणते तुमच्या मनावर आहे."

"मी काय सांगू?"

"अहो, तुमचं काही अडतं का तिच्यावाचून, एवढंच सांगा ना."

कडूबाच्या तोंडात शब्द आला होता. पण लेकाला कसं सांगणार? बाप लेकाला म्हणणार की तुझी आई मला हवी आहे? नातवाच्या पाळण्यापाशी बसलेल्या बाईला कोणत्या तोंडाने ओढून आणायचं? "उद्या सांगतो," तो म्हणाला. दोन-तीन वर्षं हे शब्द त्याच्या कानात पाणी गेल्यासारखे घुमत राहिले. त्याचंही वय झालेलं. दोन-तीन वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

सकाळी तो दुकानात आला आणि मशीन सुरू केलं. खंडेनवमीसाठी बीबीच्या सुतारांची पाती खरोखरच आली होती, म्हणजे आज बहाणा करायची गरज नव्हती. मोतीराम छिन्नीला धार लावून न्यायला आलेला. तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला. कडूबाचे दोन्ही हात ओले, चिमट्यात रंध्याचं पातं.

मोतीरामने फोनमध्ये डोकावलं. "वहिनी हाय बे," तो म्हणाला. त्याने बटण दाबून आवाज मोठा केला, फोन मशीनच्या शेजारी फळीला टेकवून उभा ठेवला आणि छिन्नी तिथेच टाकून, काही आठवल्यासारखं करून, तो बाहेर पडला. थट्टेखोर माणसाला अशी अक्कल असते.

"कोन बोलून राह्यलं?" झुंबरचा आवाज आला.

"मोत्या होता. गेला. थांब, मशीन बंद करतो."

"राहू द्या. हात ओले असन तुमचे. असू द्या चालू."

त्याने पातं पुन्हा दगडावर टेकवलं. मोटर गुणगुणत होती. फोनमधून मधूनमधून बारीक करकर ऐकू येत होती, येऊन जाणारी, एका लयीत.

"हे काय वाजते तिकडं?" त्याने विचारलं.

"लेकराची झोई. छताच्या कडीले टांगली हाय. ऋत्विक निजून राह्यला, दोरी ओढते मी."

करकर, थोडं थांबणं, करकर. कडूबाने नकळत त्या लयीत पातं डावीकडून उजवीकडे सरकवायला सुरुवात केली. आणि त्याच्याही नकळत तो बोलायला लागला. विमलबाईच्या दीपमालाचं जमलं, पोरगा खामगावचा, जिनिंगमध्ये कामाले. आपल्या दारातल्या शेवग्याले शेंगा लागल्या होत्या, मोतीरामनं वेल्डिंगच्या ठिणग्या पाडून झाड जाळलं असतं, मी भांडलो. लोणच्याची बरनी सरली. तुहं मांजर आता मोतीरामच्या घरी राह्यते, पन झोपाले आपल्या ओट्यावर येते. झुंबर हसली, मध्येच विचारू लागली, दीपमालाच्या नवऱ्याचं घर कुठे, शेंगा खाल्ल्या का, मांजराची पिल्लं किती. महिनोन्‌महिने "जेवले का" आणि "ठेवू" यांच्यामध्ये काही घालता न आलेला माणूस गिरणीसारखा सुरू झाला होता. आपण बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ते दंडाला पुसले.

मग ती म्हणाली, "राजू पुसत होता. मी राहू का इथं, का कसं. काय सांगू त्याले?"

पातं दगडावर होतं. कडूबाने सगळा शहाणपणा गोळा केला. नातू, सून, लेकाचा संसार, लोक काय म्हणतील.

"राह्य ना," तो म्हणाला. "लेकराचं पाह्य. माहं काई अडत नाई."

मोटरचा आवाज खाली बसला. इतका वेळ गुणगुणणारी ती घोगरी झाली, घुर्र घुर्र करून कण्हायला लागली. दगड जड झाला, पन्हाळीतलं पाणी हिंदकळलं.

"सोडा जरा," झुंबर म्हणाली.

कडूबाचे हात जागच्या जागी थांबले.

"ऐकलं का, सोडा जरा. केवढं दाबून राह्यले? मोटर रडून राह्यली तुमची."

त्याने पातं उचललं. मोटर सुटली, पुन्हा हलकी गुणगुणायला लागली. फोनमधली करकरही थांबली होती. मग कडूबा भिंतीकडे बघत, अगदी हळू, पण फोनला ऐकू जाईल इतपत म्हणाला, "अडते."

"काय अडते? धार तं मशीन लावते."

"धार लागते वं. धार झ्याक लागते." त्याने पातं फळीवर ठेवलं. "सकायी कोनाशी बोलाले नाई मले. दिवसभर दाराकडं पाह्यतो. मले करमत नाई तुह्यावाचून. हे सांगतो."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं होतं. झुंबर रडते आहे की काय, त्याला कळेना.

"मंग मशीन कायले आनली?" ती शेवटी म्हणाली. आवाज ओला होता, पण धार होतीच. "मले वाटलं, बुढी झाली, हिच्यानं आता ओढवत नाई, म्हनून काढून टाकलं मले. तू मोकळी म्हने."

"तुहा खांदा धरला होता. उजवी ओढ आखूड पडे. म्हनून आनली."

"अन् मले सांगतलं काऊन नाई?"

"तू सांगतलं होतं का मले खांद्याचं?"

ती एकदम हसायला लागली, हसता हसता नाक ओढायला लागली.

"तुमाले सांगू का, इथल्या डॉक्टरनं काय सांगतलं? रुपाली घेऊन गेली होती. तो म्हने, बाई, दोरी ओढत जा. खांद्याले दुसरी दवा नाई. दोन्ही हातानं, आळीपाळीनं. मी म्हनलं, बाप्पा, हे तं मी जिंदगीभर केलं, घरच्या मानसानंच बंद केलं! मंग ह्या झोईची दोरी ओढून ओढून सुटला खांदा. आता वेनी माही मीच घालते."

जे औषध होतं ते कडूबाने स्वतःच्या हाताने काढून घेतलं होतं, आणि तेही मायेपोटी. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, हे त्याला समजेना. त्याने हात लांब करून मशीनचं बटण बंद केलं. दुकानात शांतता झाली आणि फोनमध्ये बाळ कुरकुरलेलं ऐकू आलं. झोळीची करकर पुन्हा सुरू झाली.

"राजूले काय सांगतं मंग?" त्याने विचारलं.

"रुपालीची माय येते म्हनते, तिले हौस हाय नातवाची. दिवाळीच्या आंदी येईन. ते आली का मी निंघते. मधीमधी येईन म्हना लेकराले पाह्याले, पाय थोडेच बांधले माहे." मग ती म्हणाली, "वादी कुठं हाय?"

"तू टांगली तिथंच."

"वाळून कडक झाली असन. तेल लावून ठेवा तिले."

फोन ठेवल्यावर कडूबाने स्टूल घेतलं आणि खिळ्यावरची वादी उतरवली. खरोखरच ती कडक झाली होती, वेढा सोडवला तर सुटेना. दोन्ही टोकांशी, जिथे तिच्या मुठी असायच्या, तिथलं चामडं काळं आणि गुळगुळीत होतं, आणि त्यावर मागच्या खंडेनवमीचं कुंकू अजून रेषेरेषेत अडकलेलं होतं. त्याने घरातून तेल आणलं, वादी मांडीवर घेतली आणि बोटांनी तेल जिरवत बसला. टोकांपाशी आल्यावर ते कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून त्याने हात आवरला. तेवढ्या जागी तेल थेंबाथेंबाने कडेकडेने सोडलं.

मग रोज सकाळी बीबीकरांची पाती मशीनवर झाली की तो वादीला तेल लावायचा. धार असलेल्या हत्याराला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही. नवमी येईपर्यंत दोन्ही हातांवर केसांचे बारीक खुंट उगवले होते.

खंडेनवमीला त्याने दुकान झाडलं, सारवलं. कोपऱ्यात टाकलेली साण धुऊन मधोमध आणली, मऊ झालेली वादी कण्याला गुंडाळली आणि तिची दोन टोकं समोरच्या रिकाम्या पाटावर आणून ठेवली. रंधे, पटाश्या, वाकस, करवती ओळीने मांडल्या. मशीनलाही त्याने झेंडूची माळ घातली. त्या बिचाऱ्याचा काय दोष? दगडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

मोतीराम प्रसादाला आला. खोबरं तोंडात टाकत त्याने सगळी मांडणी न्याहाळली, आणि त्याच्या नजरेतून इथेही काही सुटलं नाही.

"कडूबा, वादीले लावाचं राह्यलं बे," तो म्हणाला आणि कुंकवाचा करंडा उचलायला वाकला.

कडूबाने त्याचा हात धरला. करंडा घेतला, झाकण लावलं आणि पाटावर, वादीच्या दोन टोकांच्या मध्ये, ठेवून दिला.

"राहू दे," तो म्हणाला. "ते तिचं हाय. ते आली का तेच लावीन."